उंचीचं ओझं

युरियाची बॅग आता ४५ किलोची येते. पूर्वी ५० ची यायची. पाच किलो उतरले, पण ती सायकलवर चढवणं सोपं झालं असं आमच्याकडच्या एकाही बाईच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. वजनापेक्षा उंची जास्त जीव काढते. जमिनीपासून गुडघ्यापर्यंत बॅग कशीही येते. गुडघ्यापासून कमरेपर्यंत नेताना पाठ बोलायला लागते. आणि नेहमीच्या काळ्या सायकलीचं कॅरिअर असतं कमरेच्या आसपास, जमिनीपासून अडीच फुटांच्याही वर. २८ इंची चाक, त्याच्यावर मडगार्ड, त्याच्यावर कॅरिअर. त्याहून खाली ते येणार तरी कसं? म्हणून आमच्याकडे सायकलवर माल लादायला दोन माणसं लागतात. एकानं हँडल धरून सायकल पोटाशी दाबायची, दुसऱ्यानं बॅग चढवायची. बाई एकटी असली की अर्धा माल दुसऱ्या पोत्यात काढते आणि दोन खेपा करते.

लहान चाकाच्या मालवाहू सायकलीबद्दल मला लिहायचं आहे, ते या दोन खेपांमुळे.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटच्या बाजूला. आमच्या बचतगटाचं काम म्हणजे तुरीची डाळ, हळद, तिखट आणि हंगामात भाजीपाला आठवडी बाजारात नेऊन विकणं. तालुक्याच्या गावी बैलबंड्यांचे साटे, म्हणजे माल ठेवायचे सांगाडे, आणि गेट बनवणारे एक वेल्डिंगवाले मिस्त्री आहेत. त्यांच्याकडून आम्ही एक सायकल बनवून घेतली. दोन्ही चाकं २० इंची, पोरांच्या सायकलीला असतात तेवढी. मागचं चाक सीटपासून हातभर मागे सरकवलेलं आणि त्याच्यावर लांब लाकडी फळी. फळी जमिनीपासून दोन फुटांच्या आत. तिच्या दोन्ही अंगांना लोखंडी पट्ट्यांचे उघडे कप्पे, त्यांत डबे आणि पाण्याच्या कॅन बसतात. मधला दांडा खाली वळवलेला, लुगडं नेसूनही पाय सहज टाकता यावा म्हणून. पहिल्यांदा ती गावात आणली तेव्हा पारावरचे एक बुवा म्हणाले, "हे तं पोराचं खेळणं होय. यानं कपाशीचं गाठोडं जाते का बाप्पा?"

माझं मत आधीच सांगून टाकते. डांबरी सडकेवरून माल न्यायचा असेल आणि तो बाईमाणसानं एकटीनं चढवायचा असेल, तर लहान चाकासारखं दुसरं काही नाही. पांदणीनं, म्हणजे शेताकडच्या कच्च्या वाटेनं, वावरात जायला मात्र ही सायकल मी कोणाला देणार नाही. निदान मृगापासून दिवाळीपर्यंत तरी नाही.

आधी उंचीचंच बघू. जुन्या कॅरिअरपेक्षा ही फळी किती खाली? मोजलं तर वीतभर. पण या वीतभरात सगळा खेळ आहे. पोतं मांडीला टेकवायचं, मांडीचाच जोर देऊन फळीवर ढकलायचं, बस. छातीपर्यंत उचलायची वेळच येत नाही. गटातल्या साठीच्या काकूसुद्धा डाळीचा कट्टा एकट्या चढवतात. त्यात मिस्त्रींनी खाली दोन पायांचं रुंद स्टँड दिलंय, त्यामुळे सायकल धरायला कोणी लागत नाही.

दुसरी गोष्ट चालवताना कळते. कॅरिअरवर उभ्या लादलेल्या पोत्याचा मध्य जमिनीपासून साधारण ९३ सेंटिमीटरवर येतो, आमच्या फळीवर ७३ वर. सायकल तेवढीच कलली तरी तिला आडवं पाडणारा जोर या उंचीच्या हिशेबानं वाढतो. म्हणजे फळीवर तो पाचव्या हिश्शाहून जास्तच कमी झाला. कागदावर पाचवा हिस्सा फार वाटत नाही. पण समोरून ट्रक आला, सडकेच्या कडेच्या मुरमावर उतरावं लागलं आणि तिथं थांबून एक पाय टेकायची पाळी आली, की हा पाचवा हिस्सा काय असतो ते पायाला समजतं. जुन्या सायकलीवर अशा वेळी माल आपल्याला ओढतो. इथं तो जागेवर बसून असतो.

कोणी म्हणेल, २८ इंची सायकलीनं काय कमी माल वाहिला? अजिबात कमी नाही. झारखंडच्या कोळसापट्ट्यात आजही माणसं एकेका सायकलवर दोनशे किलोच्या वर कोळसा लादून नेतात. व्हिएतनाममध्ये १९५४ साली दिएन बिएन फूच्या लढाईत डोंगरातून धान्य आणि दारूगोळा पोचवला तो हजारो सायकलींनी, तोही तेवढ्याच ओझ्यानं. पण या दोन्ही ठिकाणी माणूस सायकलीवर बसलेला नाही. तो बाजूनं चालतोय, हँडलला काठी बांधून सायकल ढकलतोय. उंचावर चढलेला माल बसून सांभाळता येत नाही, म्हणून. आम्हाला ढकलायची नव्हती, चालवायची होती.

जगात ज्यांना ज्यांना माल नाहीतर लेकरू घेऊन सायकल चालवायची होती, ते फिरून फिरून लहान चाकापाशीच आलेले दिसतात. इंग्लंडात खाटकाची आणि पाववाल्याची पोरं घरोघर माल द्यायची, त्या सायकलीचं पुढचं चाक मुद्दाम लहान असायचं, वर भली मोठी टोपली मावावी म्हणून. आणि ती टोपली हँडलला न बांधता फ्रेमला पक्की केलेली असायची. हँडल वळलं तरी टोपली वळत नसे, त्यामुळे हाताला माल जाणवत नसे. हे आपल्याकडे अजून कोणी फारसं करत नाही. सगळं हँडलला लटकवतात आणि मग सायकल ओढते म्हणून तक्रार करतात. डेन्मार्कमध्ये १९२० च्या दशकात 'लाँग जॉन' नावाची सायकल आली: पुढे लहान चाक, मध्ये जमिनीलगत लांब तळ, मागे नेहमीचं मोठं चाक. तिचा नमुना जवळजवळ तसाच आजही बनतो. जपानमध्ये पुढे एक आणि मागे एक अशी दोन लेकरं बसवून आया शहरभर फिरतात, त्यांच्या सायकलींनाही २० इंची चाकं असतात. लेकरू चढवायचं-उतरवायचं म्हणजे पोत्यापेक्षा जास्त जपून, आणि ते वळवळतंही. उंची कमी हवीच.

ॲलेक्स मोल्टन या इंग्रज इंजिनिअरबद्दल मला विशेष आदर आहे. १९५९ साली आलेल्या 'मिनी' मोटारीची चाकं होती फक्त १० इंची. एवढ्या लहान चाकांवर गाडी आदळू नये म्हणून तिला रबराचं सस्पेन्शन दिलं ते मोल्टन यांनी. १९५६ मध्ये सुएझच्या पेचामुळे इंग्लंडात पेट्रोल मोजून मिळायला लागलं आणि त्यांचं लक्ष सायकलीकडे वळलं. १९६२ साली त्यांनी १६ इंची चाकांची, पुढेमागे रबरी सस्पेन्शनची आणि दोन्हीकडे सामान ठेवायला जागा असलेली सायकल बाजारात आणली. लहान चाक म्हणजे हळू चाक, असा तेव्हाही समज होता. त्याच वर्षी जॉन वुडबर्न या सायकलपटूनं तिच्यावरून कार्डिफ ते लंडनचा विक्रम केला आणि तो समज बराच हलला. पण मोल्टन यांनी चाक लहान करताना सस्पेन्शन दिलं होतं, हे विसरून चालत नाही. नुसतं चाक लहान करून ते थांबले नव्हते.

आता आमच्या मातीकडे येते, कारण या सायकलीची खरी परीक्षा तिथं आहे.

विदर्भातली जुनी बंडी ज्यांनी बघितली आहे त्यांना तिचं चाक आठवत असेल. माणसाच्या छातीला लागेल एवढं, लाकडी, तुंब्यातून निघालेले जाड आरे आणि कडेवर लोखंडी धाव. एवढं मोठं चाक हौसेनं केलेलं नव्हतं. आमची काळी माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते. तिच्यातली चिकणमातीच त्या जातीची. पावसाळ्यात तिच्यात चाक फसतं, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मोठं चाक खड्ड्याच्या कडेवर अलगद चढतं. लहान चाक कडेला जाऊन धडकतं. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी ओढणाऱ्या कुठल्याही पोराला हे ठाऊक असतं. अंगणात नंदी छान चालतो आणि गोट्याशी आला की तोंडावर पडतो.

याचा हिशेबही करता येतो. वाटेत पाच सेंटिमीटर उंचीचा दगड आला, तर त्याच्यावर चढायला २८ इंची चाकाला वरच्या वजनाच्या साधारण ६० टक्के जोर पुढे लावावा लागतो, आणि २० इंचीला साधारण ७५ टक्के. म्हणजे सव्वापट. सडकेवर असा दगड एखादाच. पांदणीत पावलागणिक. शंभर किलोची लादलेली सायकल घेऊन दर पावलाला सव्वापट जोर द्यायचा, तर अर्ध्या किलोमीटरमध्येच मांड्या भरून येतात आणि माणूस खाली उतरतो.

उन्हाळ्यातल्या भेगांची मला सुरुवातीला फार धास्ती होती. चालवून बघितलं तर आडवी भेग दोन्ही चाकं सारखीच ओलांडतात. लहान चाक थोडं जास्त खाली बसतं एवढंच. त्रास होतो उभ्या भेगेचा, वाटेच्या दिशेनं गेलेल्या. तिच्यात बारीक टायर शिरतं आणि हँडल ऐकेनासं होतं. इथं उलट २८ इंचीचं दीड इंच रुंदीचं टायर आधी अडकतं, आमचं दोन इंचाचं वरून निघून जातं.

हे मी घरी सांगितलं तेव्हा मामाजी म्हणाले, "बंडीचंही तसंच झालं. टायरच्या बंडीचं चाक लहान झालं तं झालं, पण रुंद झालं ना." त्यांच्या लहानपणी लाकडी चाकाच्या बंड्या होत्या, मग रबरी टायरच्या आल्या. चाक अर्ध्यावर आलं, साटा खाली आला, कापूस भरायला सोपं झालं. लोखंडी धाव मऊ मातीत सुरीसारखी उतरायची, रबरी टायर पसरून बसलं. मामाजींच्या या एका वाक्यानं माझ्या डोक्यातला गुंता सुटला. चाकाची उंची कमी करताना जे जातं, त्यातलं बरंचसं रुंदीनं आणि हवेनं भरून काढता येतं. २० इंचीला किमान सव्वादोन इंची टायर घालावं, आणि पांदणीत हवा थोडी कमी ठेवावी. बारीक टायरची लहान चाकाची सायकल आमच्या भागात कोणी घेऊच नये.

सगळं मात्र भरून निघत नाही. चिखल आहेच. पहिल्या दोन पावसांनंतर काळी माती टायरला अशी धरते की चाक फिरता फिरता जाड होत जातं आणि मडगार्डमध्ये गच्च बसतं. २८ इंचीलाही हे होतं. म्हणून तर पावसाळाभर मडगार्ड काढून ठेवतात. पण आमच्या सायकलीत चाकाच्या वर लगेच फळी. मडगार्ड काढलं तरी चिखल फळीच्या खालच्या बाजूला लागतो. पऱ्हाटीच्या काडीनं उकरत बसावं लागतं. शिवाय पांदणीत बंडीच्या चाकांचे दोन खोल माग असतात आणि मध्ये उंचवटा. मागातून चालवली की कडेचे खालचे कप्पे उंचवट्याला घासतात. उंचवट्यावरून चालवली की तोल जातो. जो ठेंगणेपणा सडकेवर आधार देतो तोच इथं आडवा येतो. मला यातून वाट सापडलेली नाही. पावसाळ्यात आम्ही ती सायकल वावराकडे नेत नाही आणि कोणी मागितली तर सरळ नाही म्हणतो.

राज्यात मातोश्री ग्रामसमृद्धी शेत पाणंद रस्ते योजना २०२१ साली सुरू झाली. ज्या पांदणीवर दगडमातीचं काम होऊन वर मुरूम दाबला गेला, तिथं पावसाळ्यातही ही सायकल चालते. शेजारच्या शिवारात मी स्वतः चालवली आहे. त्यामुळे चाक लहान की मोठं हा प्रश्न निम्मा तरी ग्रामसभेत सुटणारा आहे.

मजबुतीबद्दल लोकांचा एक गैरसमज आहे: चाक लहान म्हणजे नाजूक. खरं तर तसं नाही. स्पोक जेवढा आखूड तेवढा तो कमी लवतो. जुन्या काळ्या सायकलीच्या पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० स्पोक असतात, लांब लांब. आमच्या २० इंची रिमला ३६, तेही वीतभराहून आखूड. आडव्या दणक्याला हे चाक फार चिवट. भरल्या मालानं वळण घेताना रीम आऊट होणं, म्हणजे वाकडी होणं, हे २८ इंचीचं नेहमीचं दुखणं. आमच्या सायकलीचा आऊट काढायला दुकानात जाणं क्वचितच होतं.

मात्र पोरांच्या सायकलीची रीम आणि स्पोक तसेच उचलून मालाच्या सायकलीला लावू नयेत. ते पंचवीस-तीस किलोच्या लेकरासाठी बनवलेले असतात. मिस्त्रींनी दुहेरी भिंतीची रीम आणि जाड स्पोक बसवले, त्याला पैसे जास्त लागले आणि ते योग्यच लागले. टायर-ट्यूबचं मात्र सोपं आहे. २० इंची टायर कुठल्याही तालुक्याच्या दुकानात मिळतं, पोरांच्या सायकलींमुळे. फक्त दुकानदाराला नीट सांगावं लागतं, कारण २० इंचीत मुख्य दोन मापं आहेत. रिमवर टायर बसतं तिथला व्यास एकाचा ४०६ मिलिमीटर आणि दुसऱ्याचा ४५१. जाड टायर बहुतेक ४०६ चं असतं. हा आकडा टायरच्या कडेवर बारीक अक्षरात छापलेला असतो, तो वाचूनच पैसे द्यावेत. एकाचं दुसऱ्याला बसत नाही, आणि बाजाराच्या दिवशी हे कळलं तर भाजी सुकते.

झीज जास्त होते, हे मान्यच करायला हवं. २८ इंची चाक एका किलोमीटरला साडेचारशेच्या आसपास फेरे घेतं, २० इंची सव्वासहाशेच्या वर. टायरचा तोच तोच भाग जास्त वेळा घासतो, हबातले छर्रे जास्त फिरतात. ग्रीस वेळेवर बदललं नाही तर आवाज येऊ लागतो. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा सडकेवरचं डांबरही मऊ पडतं, त्यात टायरचे हाल वेगळेच. वर्षाकाठी टायरचा खर्च मोठ्या सायकलीपेक्षा जास्त धरावा.

दातांचंही गणित बदलतं. नेहमीच्या सायकलीला पुढे ४४ दाती चक्र आणि मागे १८ दाती फ्रीव्हील असतं. पायडलचा एक फेरा मारला की २८ इंची चाक साधारण साडेपाच मीटर पुढे जातं. तेच दात २० इंचीला लावले तर चार मीटरच्याही आत. माल भरलेला असताना हे वरदान आहे. रपटा उतरून पलीकडचा चढ आला की मोठ्या सायकलीवरून उतरावं लागतं, ही बसल्या बसल्या चढते. परतीला रिकामी असली की मात्र पाय गरागरा फिरवावे लागतात आणि सायकल काही पुढे जात नाही. आम्ही मागचं फ्रीव्हील १६ दातांचं केलं, आता एका फेऱ्याला सव्वाचार मीटरच्या वर जाते. ज्यांच्या वाटेत चढ आहेत त्यांनी १८ च ठेवावं. आमच्या बाजूला जमीन बरीच सपाट, म्हणून १६ जमलं.

ब्रेकच्या बाबतीत लहान चाकाचा फायदा फार कमी लोकांना ठाऊक आहे. हबात ड्रम ब्रेक असेल तर त्याची पकड जमिनीपर्यंत पोचताना चाकाच्या आकाराचा अडसर येतो. चाक जेवढं लहान तेवढी पकड जास्त. २८ ऐवजी २० इंची चाकात तोच ड्रम ब्रेक जवळपास दीडपटीला येईल इतका जोरात लागतो. लादलेली सायकल आणि पावसाळी सडक, यात जुन्या सळईच्या ब्रेकवर मी माझ्या घरच्या कोणाला जाऊ देणार नाही.

हँडलबद्दल मात्र सवय लागते. लहान चाक चटकन वळतं, नव्या माणसाच्या हातात ते भिरभिरतं. मिस्त्री म्हणाले होते, "ताई, चाक बारकं केलं का सायकल लांब करा लागते, नाही तं हँडल हातात राहत नाही." लांबीनं ती शांत झाली, पण गल्लीत वळवायला जागा जास्त लागते आणि घराच्या ओसरीत ती आडवी मावत नाही.

बायकांचं आणि सायकलीचं बोलणं निघालं की मला तामिळनाडूतला पुदुकोट्टै जिल्हा आठवतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या साक्षरता मोहिमेत, शीला राणी चुंकत जिल्हाधिकारी असताना, खेड्यांतल्या हजारो बाया सायकल शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात तेव्हा त्यांनी जेंट्स सायकली घेतल्या, आणि कित्येक जणींना त्याच बऱ्या वाटल्या, कारण सीट ते हँडलच्या दांड्यावर लेकरू बसवता येत होतं. हे मला फार मोलाचं वाटतं. त्या बायांनी सोयीचा दांडा सोडून अडचणीचा दांडा पत्करला, कारण त्यांना एकटीनं जायचंच नव्हतं. बरोबर कोणाला तरी, काहीतरी न्यायचं होतं. लेडीज सायकल बनवणाऱ्यांनी दांडा खाली घेतला, पण मालाला जागा दिली नाही. आजही आमच्याकडे मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात, त्या मुली त्यावरून शाळेत जातात, आणि ही फार चांगली गोष्ट आहे. पण तीच सायकल घरी आईच्या कामाला येत नाही, कारण तिच्यावर दप्तराच्या वर काही बसत नाही.

म्हणून मला वाटतं की ही सायकल आमच्याच भागात, आमच्या बायांची मापं घेऊन बनायला हवी. वर्ध्यात १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला, गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा मगनवाडीत राहून घाणी, चूल, कागद यांच्यावर काम करत होते. १९३८ साली तिथंच मगन संग्रहालय उभं राहिलं. खेड्यातल्या माणसाच्या हाताला आणि अंगाला जमेल असं अवजार शोधायचं, हे काम आमच्या जिल्ह्याला नवं नाही. परदेशी कंपन्यांच्या मालवाहू ई-सायकली इथल्या नव्या मोटरसायकलीहून महाग पडतात. मिस्त्रींनी बनवलेली आमची सायकल त्यांच्या जवळपासही जात नाही, आणि तुटली तर त्यांच्याच हातून पुन्हा सांधता येते.

मोटर लावायची का, यावर गटात बरंच बोलणं झालं. २५० वॉटच्या आतली मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असेल तर नोंदणी आणि लायसन लागत नाही. हबातली मोटर लहान चाकात जास्त जोर देते, ब्रेकसारखंच. मला स्वतःला ती हवी आहे, साठीच्या काकूंसाठी तर हवीच. पण आमच्याकडे उन्हाळ्यात लाईटचा भरवसा नसतो, आणि बॅटरी उन्हात ठेवायची नसते. बाजाराच्या दिवशी सायकल दिवसभर उन्हातच उभी. आधी सावलीची सोय, मग मोटर, असं सध्या ठरलंय.

पारावरच्या बुवांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं. कपाशीचं गाठोडं जातं. कापूस हलका पण फुगीर; उंच कॅरिअरवर गाठोडं ठेवलं की चालवणारीच्या पाठीला टेकतं आणि वारा लागला की सायकल हलते. लांब फळीवर ते आडवं पसरून बसतं, दोन दोऱ्या मारल्या की हलत नाही. वेचणीच्या दिवसांत, म्हणजे दिवाळीनंतर, पांदणीही वाळलेल्या असतात, त्यामुळे वावराच्या धुऱ्यापासून घरापर्यंत ती आरामात येते. ज्या बाया संध्याकाळी डोक्यावर गाठोडं घेऊन यायच्या, त्यांतल्या दोघीतिघी आता पाळीपाळीनं ही सायकल नेतात.

आता मिस्त्रींकडे दुसरी सायकल बनायला टाकली आहे. तिची फळी चाकापासून चार बोटं वर घेतलीय, चिखलाला जागा राहावी म्हणून. कडेचे कप्पे पिना काढून वेगळे करता येतील असे. पुढे ड्रम ब्रेक. पुढचं चाक २० च, पण मागचं २४ इंची करायचं, म्हणजे पांदणीत थोडं तरी बरं जाईल, असं निम्म्या जणींचं म्हणणं आहे. बाकीच्या म्हणतात, त्यानं फळी पुन्हा दहाएक सेंटिमीटर वर जाईल आणि काकूंना कट्टा चढवता येणार नाही. परवा काकूंना मिस्त्रींच्या दुकानात नेऊन तेवढ्या उंचीवर फळी धरली आणि डाळीचा कट्टा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो मांडीवर घेतला, ढकलला, आणि म्हणाल्या, "जमते. पण याच्याहून वर नको करू." मागचं चाक २४ इंची होणार आहे.